मशीनच्या बाजूची खुर्ची

सुमन आमच्याकडे राहायला आली त्या दिवशी दारातच तिनं ओढणी नाकाला लावली. "मामी, ह्यो वास रोजच येतो का हो?" आई बुचकळ्यात पडून म्हणाली, "कसला वास?" साखर कारखान्याच्या कॉलनीत वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला मळीचा वास येईनासा होतो. आमचा कारखाना पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीपासून फार लांब नाही. हंगाम सुरू झाला की दिवसभर उसाच्या गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, ट्रकवाल्यांची आरडाओरड आणि पाळी बदलताना वाजणारा भोंगा. चिमणीतून बारीक काळी राख यायची. आई दोरीवर कपडे टाकायच्या आधी हात वर करून वारा कुठून वाहतोय ते बघायची. हे सगळं मला घराचाच भाग वाटायचं, आणि बाहेरून आलेल्या कुणी त्याला नाव ठेवलेलं मला खपत नसे. सुमनबद्दलची माझी पहिली अढी त्या ओढणीपासूनच बसली असावी. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते आठवडाभरात समोर आलं.

सुमन माझ्या आत्याची मुलगी, माझ्याहून दीड-दोन वर्षांनी लहान. जामखेडला बारावी झाली आणि आत्यानं तिला कोपरगावच्या कॉलेजात घालायचं ठरवलं, म्हणून ती आमच्याकडे. माझे वडील, अप्पा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. रस तपासायचा, साखर तपासायची, आकडे लिहायचे. माणूस अबोल. त्यांच्या आयुष्यातली एकच चैन म्हणजे बुद्धिबळ. तरुणपणी ते जिल्ह्यातल्या पहिल्या दोन-तीन खेळाडूंत मोजले जायचे. मला भाऊ नाही. त्यामुळे पट मांडून अप्पांच्या समोर बसायची जागा माझी होती, आणि ती माझीच आहे याबद्दल मला लहानपणापासून कधी शंका आली नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की पुढच्या खोलीत चटई पडायची. आमचा एक डाव दोन-दोन तास चालायचा. अप्पा फारसे बोलत नसत. माझी एखादी चाल आवडली तर चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा लावून पटाकडे बघायचे. त्या चष्मा पुसण्यासाठी मी आठवडाभर मनात डाव घोळवायची. जिल्ह्याच्या स्पर्धेत मी मुलग्यांना हरवून आले तेव्हा त्यांनी मला नगरच्या बाजारातून दोन तबकड्यांचं बुद्धिबळाचं घड्याळ आणून दिलं होतं. ते कपाटात असायचं. आम्हाला त्याची गरजच पडायची नाही.

सुमननं ते घड्याळ पहिल्याच रविवारी बाहेर काढलं. "मामा, ह्याच्यावर पाच-पाच मिन्टाचा लावू का डाव?" अप्पा हसून म्हणाले, "तुला येतं खेळायला?" तेव्हा कळलं की जामखेडला तिच्या गल्लीत पाराच्या कट्ट्यावर पोरं पोरी सगळी खेळायची. घड्याळ कुणाकडे नव्हतं. समोरचा मोठ्यानं दहापर्यंत म्हणायचा, तेवढ्यात चाल झाली पाहिजे, नाहीतर डाव गेला. आसपासचे ओरडणार, चिडवणार, मधेच कुणी चणे खायला देणार, त्यात दहा आकड्यांत खेळायचं. त्या कट्ट्यावर तयार झालेला तिचा हात मी त्या दिवशी पाहिला. ती विचार करताना दिसतच नव्हती. मी चाल करून बटण दाबायचा अवकाश, तिची सोंगटी हललेली असायची. मला डाव चांगला मिळाला होता, एक प्यादं जास्त होतं, पण माझी पाच मिनिटं संपत आली आणि मी घाईघाईत चुका करायला लागले. माझा वजीर मारला गेला तेव्हा अप्पा हसले. मोठ्यानं, तोंड उघडून हसले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. "अरे वा! पुन्हा लाव, पुन्हा लाव," म्हणाले आणि माझ्या जागेवर स्वतः बसले.

त्यानंतर रविवारच्या दुपारी दोघांच्या उरल्या नाहीत. सावकाश डाव मी सुमनशी खेळले तर बहुतेक वेळा मीच जिंकायची, हे मी इथं मुद्दाम लिहिते, कारण तेव्हा ते कुणाच्या लक्षातच यायचं नाही. दोन तासांचा डाव बघायला कोण बसणार? पाच मिनिटांचा डाव लागला की शेजारचे काका यायचे, आई कणकेच्या हातानं दारात उभी राहायची. घरात हशा असायचा. आणि तो हशा सुमनचा असायचा. तिला हुलग्याचं शेंगोळं आवडतं म्हणून आई दर आठवड्याला शेंगोळी वळायला लागली. मला ती कधीच आवडली नाहीत. आई म्हणायची, "खाऊन तर बघ, सुमन कशी तीनदा घेते." मी भाकरीशी चटणी खाऊन उठायची. सुमनला यातलं काही कळत होतं की नाही, याचा मी तेव्हा विचार केला नाही. ती मला ताई ताई करायची, माझ्या वेण्या घालून द्यायची, कॉलेजातल्या गमती सांगायची. राग धरावा असं ती काहीच करत नव्हती, आणि त्यामुळे माझी जास्तच कोंडी व्हायची.

त्याच सुमारास कारखान्यात कॉम्प्युटर आला. उसाची बिलं करायला. त्याच्यासाठी ऑफिसात एक खोली वेगळी काढली, तिला काचेचं दार, पडदा आणि एसी. अख्ख्या कारखान्यात एसी फक्त त्या खोलीत. चेअरमनसाहेबसुद्धा आत जाताना चपला बाहेर काढायचे. त्या खोलीचे प्रमुख बागवान साहेब, नगरचे, नुकतंच लग्न झालेले, हसतमुख. त्यांनी कुठूनशी फ्लॉपी आणून मशीनवर बुद्धिबळ घातलं आणि कारखान्यातली सगळी खेळणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत त्या थंडगार खोलीत जायला लागली. सगळे हरून येत. शेवटी अप्पा गेले. पाच-पाच मिनिटांचे तीन डाव खेळले आणि तीनही हरले. त्या संध्याकाळी ते ताटावर नीट जेवले नाहीत. सुमननं विचारलं, "मामा, लई भारी हाय का ते?" अप्पा म्हणाले, "भारी नाही गं. सावकाश खेळताना आपण आपल्या चुका शोधत असतो. पाच मिनिटांत आपण चुका करतो, आणि ते त्यांची वाटच बघत बसलेलं असतं. त्याला घाई नाही, भीती नाही. शेवटच्या मिनिटालाही ते पहिल्या मिनिटासारखंच खेळतं."

मग एका रविवारी बागवान साहेबांना सांगून अप्पा मला तिथं घेऊन गेले. एकटीला. मशीनला भरपूर वेळ दिला, मलाही. दुपारभर मी त्या थंडीत अंगावर शाल घेऊन बसले होते आणि संध्याकाळी मशीनचा राजा कोपऱ्यात अडकवला. अप्पांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता माझी जागा मला परत मिळाली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी विचारलं, "किती वेळ लागला?" दुपारभर म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. "मग काय, एवढ्या वेळात कुणीही..." असं एकजण म्हणाला, असं अप्पांनीच घरी येऊन हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. दुपारभर बसून त्या मशीनला हरवणारं कॉलनीत दुसरं कुणीही नव्हतं.

आता सुमनची नातवंडं फोनवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतात. जगातले अव्वल खेळाडूही आता मशीनशी पैज लावत नाहीत, जलद डावात तर नाहीच. फोनमधला खेळ सगळ्यांनाच हरवतो आणि कुणाला त्याचं दुःख होत नाही. या मुलांना मी सांगते की एक काळ असा होता, मशीन नुकतंच माणसापुढे निघत होतं, सावकाश डावात अजून मागं होतं आणि जलद डावात पुढं गेलेलं होतं. तो मधला काळ फार थोडा टिकला. माझं तारुण्य नेमकं त्यात सापडलं.

गळीत हंगाम संपला की कारखान्याच्या क्लबात संमेलन असायचं. त्या वर्षी कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, 'माणूस विरुद्ध कॉम्प्युटर' ठेवू. तीन डाव, पाच-पाच मिनिटांचे, सगळ्यांसमोर. माणसाच्या बाजूनं अर्थात अप्पा. अप्पा घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी नाही म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत माझं काम नाही." मी पीठ मळत होते. माझा हात थांबला. मला खरंच वाटलं की आता ते माझं नाव घेतील. मशीनला हरवलेली मी एकटीच होते. ते म्हणाले, "सुमन खेळेल."

सुमन लाजली. "मला न्हाई जमायचं मामा. ताईला बसवा, तिनं हरवलंय त्याला."

"तो सावकाश डाव होता," अप्पा म्हणाले. तेवढंच. त्यांचं म्हणणं बरोबर होतं आणि मला ते कळतही होतं. पण कळल्यानं काही कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी बागवान साहेब घरी आले. मशीनला हात नसतात. समोरच्याची चाल बघून ती कुणीतरी मशीनमध्ये टाइप करायची, मशीननं दिलेली चाल पटावर करायची आणि घड्याळ दाबायचं, आणि हे सगळं मशीनच्या वेळातून जाणार. "माझी बोटं फार हळू चालतात," ते म्हणाले. "विद्याताईंचं टायपिंग झालंय ना? त्या बसल्या तर मशीनवर अन्याय होणार नाही." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की आईनं वळून बघितलं.

संमेलनाच्या दिवशी दुपारी क्लबचा हॉल भरला होता. मशीन बागवान साहेबांनी हातगाडीवरून, गादीत गुंडाळून आणलं होतं. स्टेजवर टेबलाच्या एका बाजूला सुमन, दुसऱ्या बाजूला पडद्यासमोर मी. पहिल्या रांगेत अप्पा. सुमननं आईची जांभळी साडी नेसली होती. तिनं मला हळूच विचारलं, "ताई, तू माझ्याकडनं हायेस ना?" मी म्हटलं, "मी फक्त टाइप करणार आहे."

पहिला डाव लवकर संपला. सुमन तिच्या नेहमीच्या वेगानं सुटली. माणसांशी खेळताना त्या वेगानं समोरचा गडबडायचा. मशीन गडबडलं नाही. माझी बोटं की-बोर्डवरून अशी पळत होती की बागवान साहेब मागून "वा, वा" करत होते. मशीनच्या घोड्यानं एकाच वेळी तिच्या राजाला शह दिला आणि हत्तीवर हल्ला केला. तो घोडा मीच उचलून ठेवला होता, माझ्या बोटांनी. हत्ती मीच उचलला. हॉलमध्ये हळहळ झाली आणि मला बरं वाटलं. दुसऱ्या डावात तिला चांगला डाव मिळाला होता, सगळे पुढे सरसावून बसले होते. शेवटच्या मिनिटात घाईनं तिनं वजीर उंटाच्या तोंडी दिला. मशीननं क्षणात चाल दाखवली. मी वजीर उचलला. सुमननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी तिच्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. मला वाटत होतं त्यांनी माझ्याकडे बघावं, पण ते तिच्याकडे बघत होते.

मधे चहा झाला. अप्पा उठून सुमनजवळ गेले. मी तिथंच बसले होते म्हणून मला ऐकू आलं. "त्याच्याशी झोंबू नकोस," अप्पा सांगत होते. "सोंगट्या मोकळ्या झाल्या की ते तुला खाणार. प्यादी अडकवून टाक. दारं लावून घे सगळी. आणि त्या दाराआड हळूहळू माणसं गोळा कर. त्याला थोडं पुढचंच दिसतं, त्याच्या पलीकडचं दिसत नाही." हे त्यांनी कुठून काढलं होतं ते मला ठाऊक होतं. मी त्या रविवारी मशीनला असंच हरवलं होतं. माझा डाव ते तिला शिकवत होते.

तिसऱ्या डावात सुमननं तसंच केलं. मधली प्यादी एकमेकांत अशी अडकली की कुणालाच पुढे जाता येईना. मशीन गोंधळल्यासारखं झालं. हत्ती एक घर इकडे, मग एक घर तिकडे. मग त्यानं वजिराच्या बाजूचं एक प्यादं खायला आपल्या सोंगट्या तिकडे पाठवल्या. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा, डाव कुणाच्या बाजूनं आहे ते दाखवणारा. तो मशीनच्या बाजूनं वाढत होता. लोक पडदा बघू शकत नव्हते, मी बघू शकत होते. सुमनचे दोन्ही घोडे, हत्ती आणि वजीर मात्र मशीनच्या राजाच्या बाजूला जमत चालले होते. आणि एका क्षणी मला ती चाल दिसली. राजासमोरच्या प्याद्यावर घोडा मारायचा. घोडा फुकट जातो, पण दार फुटतं, आणि मशीनच्या सगळ्या सोंगट्या लांब, ते प्यादं खात बसलेल्या. मशीनला ती दिसत नव्हती, आकडा अजून वाढतच होता. सुमनच्या घड्याळात मिनिटभरही उरलं नव्हतं. मी मान खाली घातली आणि पडद्याकडे बघत बसले. सुमनचा हात हत्तीकडे गेला. मला सुटल्यासारखं झालं. मग तिचा हात हवेतच थांबला. मी वर पाहिलं तर ती पटाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. क्षणभरच. मग तिनं घोडा उचलला आणि राजासमोरच्या प्याद्यावर आपटला.

मी चाल टाइप केली. मशीननं नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. कोपऱ्यातला आकडा घसरला, आणखी घसरला. नंतरचं काय लिहायचं. शह, शह, आणि सुमनची वेळ संपायच्या आत मात. मशीनचा राजा मी माझ्या हातानं आडवा केला. सामना दोन-एक असा मशीननंच जिंकला होता, पण ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. लोकांनी टाळ्या, शिट्ट्या, काय काय केलं. अप्पा स्टेजवर चढून सुमनच्या पाठीवर थोपटत होते. बागवान साहेब मला म्हणाले, "ताई, तुमची बोटं कमाल आहेत हां." त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी दोरीवर कपडे टाकत होतो. सुमन म्हणाली, "ताई, काल तुझ्यामुळं जमलं बघ."

"माझ्यामुळं?"

"मला न्हाई दिसली ती चाल. मी हत्ती हलवनार हुते. पयल्या दोन डावांत मी चुकले की तू माझ्याकडं बघायची. ह्या डावात एकदम पडद्यात तोंड घातलंस, पटाकडं बघंचना. म्हटलं, हिला कायतरी दिसलंय. मग मी हत्तीकडं हात नेला, तर तुझा जीव भांड्यात पडला. मी बघितलं ना. म्हंजे हत्ती न्हाई. मग दुसरं काय हाय ते बघितलं, तर घोडा."

माझ्या हातात अप्पांचा शर्ट होता. तो मी कितीतरी वेळ झटकत राहिले. ती चिडून बोलत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. एखादी गंमत सांगावी तशी सांगत होती. मग म्हणाली, "मामांना सांगू का? चाल पयल्यांदा ताईला दिसली म्हनून?"

सांगितलं असतं तर अप्पांनी चष्मा पुसला असता. पण तिला ते कशावरून कळलं, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हटलं, "नको."

पुढे सुमनचं लग्न झालं, ती काष्टीला गेली, शाळेत शिक्षिका झाली. मी इकडे नोकरीला लागले. मशीन सावकाश डावातही माझ्या पुढे गेलं आणि मी खेळायचं सोडलं. अप्पा निवृत्त झाले. पण घरी कुणी खेळणारा पाहुणा आला की ते तो तिसरा डाव पटावर मांडायचे. सगळा त्यांना पाठ होता. घोड्याच्या चालीपाशी थांबायचे आणि म्हणायचे, "ही कॉम्प्युटरला दिसली नाही. हॉलमध्ये कुणाला दिसली नाही. फक्त आमच्या सुमनला." मी चहा ठेवून आत जायची. असं किती वर्षं चाललं कोण जाणे. एकदा मात्र, माझेही केस पांढरे व्हायला लागले होते तेव्हा, पाहुणे गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, ती मलाही दिसली होती. तिच्या आधी."

अप्पांनी माझ्याकडे प्रेमानं बघितलं. "असेल, असेल," म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

त्या दिवाळीत सुमन आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "सांग त्यांना." तिला आधी आठवेचना मी कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं आणि ती खो खो हसली. हात पुसत बाहेर गेली, अप्पांच्या समोर बसली आणि सगळं सांगितलं. माझ्या तोंडाचं, हत्तीकडे गेलेल्या हाताचं, सगळं. मी दारात उभी होते. काहीही लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. ती चाल माझी होती एवढं एकदा त्यांनी म्हणावं, बाकी त्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

अप्पा ऐकत होते. कान आता नीट चालत नसल्यानं त्यांनी तिला एक-दोनदा पुन्हा सांगायला लावलं. मग ते पुढे वाकले. त्यांचे डोळे चमकले होते.

"म्हणजे घड्याळात मिनिट उरलेलं नाही," ते तिला म्हणाले, "आणि त्यात तू पट सोडून हिचं तोंड वाचलंस?"

"व्हय मामा."

अप्पांनी मांडीवर थाप मारली. "कमाल आहे! अगं, हे कुठल्या मशीनला जमेल?" आणि माझ्याकडे वळून, आनंदानं अगदी ओसंडून जात म्हणाले, "विद्या, बघितलंस का आपली सुमन!"